व्याह्यांवर दावा

रविवारी सकाळी मामा ट्रकच्या टपावर चढायचे. समोरच्या काचेच्या वर, ट्रकच्या कपाळावर, 'पब्लिक कॅरियर' असं रंगवलेली फळी होती. तिच्यावर ते एक धुतलेलं पोतं टाकायचे, दोन्ही टोकं सुतळीने आवळून बांधायचे, खाली उतरून चार पावलं मागे सरून नीट झाकलं गेलं का ते बघायचे आणि रस्त्याने जो कोणी जात असेल त्याला सांगायचे, "गाडी आज सुट्टीवर हाय."

तो जाणारा बहुतेक वेळा मी असायची, दुधाची बरणी हातात घेऊन. "बरं मामा," म्हणायचं आणि पुढे जायचं. ट्रकला सुट्टी असते, पाटी झाकली की तो भाड्याचा राहत नाही, घरचा होतो, याबद्दल आमच्या रस्त्यावर कुणाला काही शंका उरली नव्हती.

मी तेव्हा परभणीला विमा कंपनीच्या शाखेत टायपिस्ट होते. वडिलांचं किराणा दुकान, घर दुकानाच्या मागे, आणि समोरच्या बोळात मामांचं घर. नात्याने ते आमचे कुणी नव्हते, सगळा रस्ताच त्यांना मामा म्हणायचा. विमा नुकताच सरकारी झाला होता. दारावरची पाटी बदलली होती, पण आतल्या खुर्च्या, खुर्च्यांतले ढेकूण आणि साहेब तेच होते. सगळ्या पॉलिसी माझ्या हाताखालून जायच्या. त्यामुळे बारीक अक्षरात काय लिहिलंय हे मला साहेबांच्या खालोखाल माहीत होतं, आणि ते माहीत असल्याची थोडी ऐटही होती.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. एकच ट्रक, तोच धंदा आणि तोच संसार. मामांनी पलटणीत ड्रायव्हरी केली होती. तिथून सुटल्यावर एक जुना ट्रक घेतला आणि परभणीच्या मोंढ्यातून कापूस, ज्वारी, सरकी जिथे न्यायची तिथे नेऊ लागले. पहिल्यांदा विमा काढायला आले तेव्हा फॉर्म मीच भरला. मालकाचं नाव? "म्याच." चालक? "म्याच." क्लीनर? ते जरा थांबले. "क्लीनर बी म्याच, पर त्येला पगार न्हाई." मी तीनही ठिकाणी 'स्वतः' असं टाइप केलं. साहेबांनी सही करताना विचारलं, हे तीन वेगवेगळे इसम आहेत का?

सुट्टीच्या दिवशी ट्रक रिकामा बसायचा नाही. मामा त्यातून दाढी करायला जायचे. न्हाव्याच्या दुकानापेक्षा ट्रक मोठा होता, तो उभा राहिला की दुकानात अंधार व्हायचा आणि न्हावी दिवा लावायचा. मग मंडईत. दोन जुड्या मेथी, पावशेर हिरव्या मिरच्या आणि एक नारळ एवढा माल मागच्या हौद्यात ठेवून ते घरी यायचे. मी एकदा म्हटलं, "मामा, एक सायकल घ्या की."

"सायकल मला येत न्हाई, बाई," ते म्हणाले. "पाळन्यातून पायावर आलो अन् पायावरून डायरेक्ट ट्रकवर. मधलं राहूनच गेलं."

दर वर्षी कागद नवा करायला आले की ते एकच प्रश्न विचारायचे. कागद म्हणजे पॉलिसी. ती होती थर्ड पार्टीची, म्हणजे यांच्या गाडीने दुसऱ्या कुणाला इजा झाली तर त्याची भरपाई कंपनीने द्यायची. मामा तो कागद दोन्ही हातांनी धरायचे आणि विचारायचे, "बाई, हफ्ताभर गाडी कामावर असती, तवा ह्यो कागद जागा असतो, ह्ये समजलं. पर इतवारी गाडी सुट्टीवर असताना कुनाला धक्का लागला तर? कागद जागा का झोपलेला?"

पहिल्या वर्षी मी नीट समजावून सांगितलं होतं. दुसऱ्या वर्षीही. तिसऱ्या वर्षी टेबलावर कामाचा ढीग होता, रिबन तुटली होती, आणि मला चेष्टा करायची लहर आली. मी म्हटलं, "मामा, रविवारी आम्हाला सुट्टी, साहेबांना सुट्टी, तुमच्या गाडीला सुट्टी. मग कागदानेच काय घोडं मारलंय? तोही झोपतो."

मामा हसले. मीही हसले. ते कागद घडी करून खिशात घालून गेले, आणि मी विसरले.

मामांची एकुलती मुलगी चारठाण्याला दिली होती. लग्न मी पाहिलं होतं. तासाभरात उरकलेलं, वंदना, हार, लाडू आणि चिवडा, बस्स. व्याही शिंपीकाम करायचे. घराची पुढची खोली म्हणजेच दुकान, दारात पायाने चालवायचं मशीन. लग्न ठरताना मामांनी विचारलं, काय द्यायचं? व्याही म्हणाले, तुम्ही मुलगी देताय, त्याहून जास्त मागणारा मी कोण? मामा हे वाक्य ट्रकमध्ये बसणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचे, मालाच्या मालकालासुद्धा. असा व्याही जिल्ह्यात दुसरा नाही असं त्यांचं म्हणणं होतं.

त्या वर्षी थंडीत एक गोष्ट माझ्या लक्षात आली. रविवारी ट्रक बोळाच्या तोंडाशी नुसता उभा असायचा. पोतं नाही, दाढी नाही, मंडई नाही. मामा पायी जायचे. मी विचारलं, "काय मामा, गाडीची सुट्टी रद्द केली काय?" ते हसल्यासारखं करून पुढे गेले. मला वाटलं, डिझेल महाग झालंय.

शिमग्याच्या सुमारास कागद नवा करायची वेळ आली. मामा ऑफिसात आले, "जय भीम, बाई" म्हणाले, आणि बसले नाहीत.

"औंदा कागद नको. गाडी इकायलोय."

मी टाइप करता करता थांबले. त्यांना बसवलं, चहा मागवला, आणि खोदून खोदून विचारल्यावर ते बोलले.

तीन महिन्यांपूर्वीच्या एका रविवारी ते मुलीला पहिल्या बाळंतपणासाठी आणायला गेले होते. पाटीवर पोतं बांधलं होतं. तिला केबिनमध्ये बसून अवघडलं तर लवंडता यावं म्हणून मागे गादी आणि दोन उशा टाकल्या होत्या. बाकी गाडी रिकामी. व्याह्यांचं घर बोळाच्या शेवटी, वळायला जागा नाही, म्हणून ट्रक उलटा आत घ्यायचा. व्याही स्वतः मागे येऊन उभे राहिले, गळ्यात मापाची पट्टी, आणि हात हलवत "येऊ द्या, येऊ द्या" म्हणू लागले. अख्खी गल्ली बघायला जमली होती.

"मंग ते थांबा म्हनले," मामा म्हणाले.

"आणि तुम्ही थांबला नाहीत?"

"मला ऐकूच आलं न्हाई. ते हळू म्हनले."

"हळू कशाला? मागे चाक येतंय आणि हळू?"

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला साधी रीतभात कुणी शिकवलीच नव्हती. "व्याही हायेत, बाई. गल्लीत धा मानसं उभी. व्याह्यावर वरडतेत का?"

ट्रक मागे घेताना मागचा माणूस पत्र्यावर थापा मारतो, बोंबलतो, प्रसंगी ड्रायव्हरच्या आईचा उद्धारही करतो. ती त्या कामाची भाषाच आहे. व्याह्यांना ती येत होती, पण व्याह्यासाठी वापरता येत नव्हती. त्यांचा उजवा पाय चाक आणि दाराची पायरी यांच्यामध्ये सापडला. घोटा मोडला.

पुढचं सगळं इभ्रतीने बिघडवलं. खरं सांगितलं तर पोलीस मामांना नेतील म्हणून व्याह्यांनी सगळ्यांना सांगितलं की मी पायरीवरून पडलो. बोभाटा नको म्हणून दवाखान्याऐवजी हाड बसवणाऱ्याकडे गेले. त्याने ते तिरकं बसवलं. आता औरंगाबादच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, हाड पुन्हा मोडून बसवावं लागेल, नाहीतर हा पाय जोर धरणार नाही. आणि ज्याचा पाय जोर धरणार नाही त्याचं मशीन चालणार नाही. तीन महिने ते चादर पांघरून दारात उभं होतं. जावई पूर्णेला रेल्वेत रोजंदारीवर, त्याच्या पैशात घरच जेमतेम चाले. मामा पैसे घेऊन दारापर्यंत गेले तर व्याह्यांनी हात जोडले. म्हणाले, लग्नात घेतलं नाही ते आता पायाच्या नावाने घेऊ का?

"म्हनून गाडी इकतो," मामा म्हणाले. "पैसे गुमान जावयाच्या हातात देतो. त्येनं कुठून आनले ते सांगू नये म्हंजे झालं."

"अहो पण मामा, तुमचा विमा आहे ना? त्यासाठीच तर असतो तो. तुम्ही कळवलं का नाही?"

"इतवार व्हता."

"मग?"

"कागद झोपलेला असतो की इतवारी. तुमीच म्हनला व्हता, मागल्या साली."

मला त्या क्षणी जे झालं ते मी आजही साध्या शब्दांत सांगते. मला माझी लाज वाटली. या माणसाने माझी चेष्टा सरकारी हुकूम म्हणून घडी घालून खिशात ठेवली होती, आणि एका शिंप्याचा पाय त्या घडीत अडकला होता. चहा आला, तो मामांनी प्यायला. माझा तसाच राहिला.

मी पॉलिसीची प्रत घेऊन साहेबांकडे गेले आणि माझ्या चेष्टेसकट सगळं सांगितलं. साहेब कुठलाही कागद पट्टी ठेवून ओळीओळीने वाचायचे. त्यांनी पट्टी सरकवत सरकवत शेवटपर्यंत वाचलं.

"गाडीत माणसं भरली होती?"

"नाही साहेब. एक गादी होती."

"गादी चालते," साहेब म्हणाले. "भाडं?"

"मुलीच्या बापाला कोण भाडं देणार?"

साहेबांनी पट्टी बाजूला ठेवली. "बाई, पॉलिसीत तारीख असते, वार नसतो. रस्त्यावर माणसाला लागलं, गाडी आपल्याकडची, कागद चालू. पण भरपाई मागायची ती जखमी माणसाने. त्याने गाडीवाल्यावर आणि आपल्यावर कोर्टात दावा लावला पाहिजे, आणि तोही सहा महिन्यांच्या आत." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही पगार कुणाचा घेता, ते लक्षात आहे ना?"

"आहे साहेब. म्हणूनच सांगायला आले."

साहेबांनी पट्टी उचलून दुसऱ्या कागदावर ठेवली. पण त्या शनिवारी त्यांनी मला तासभर लवकर सोडलं, आणि न विचारता.

रविवारी आम्ही चारठाण्याला निघालो. आई बरोबर आली. तिला तिथली जुनी देवळं बघायची होती. शंकराच्या पिंडीला हात जोडायचे होते असं ती म्हणाली, आणि मला एकटीला पाठवायचं नव्हतं हे खरं कारण आम्ही दोघींनीही काढलं नाही. मामा सुट्टीच्या दिवशी ट्रक हलवायला तयार नव्हते. व्याह्यांचं मशीन चालू होईल त्या दिवशीच गाडीला सुट्टी, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. म्हणून एसटी.

मामांना एसटीत बसलेलं ज्याने पाहिलं नाही त्याला काय सांगावं. ते ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसले आणि जिंतूरपर्यंत त्यांनीच गाडी चालवली. वळण आलं की कलायचे, बैलगाडी आडवी आली की उजवा पाय समोरच्या पत्र्यावर गच्च दाबायचे. एका खड्ड्यापाशी तर त्यांचा हात आपसूक गिअर बदलायला गेला आणि शेजारच्या म्हाताऱ्याचा गुडघा त्यांच्या मुठीत आला. आई पदर तोंडाला लावून हसत होती. एसटीचा ड्रायव्हर शेवटी मागे वळून म्हणाला, "पाव्हनं, माझ्यावर भरवसा ठिवा की."

व्याह्यांच्या घरी मात्र मामा दाराबाहेरच, त्याच पायरीवर बसले. अपघातापासून ते त्या घरात शिरले नव्हते. व्याही आत खाटेवर, पाय उशीवर. कोपऱ्यात मामांची मुलगी महिन्याभराच्या बाळाला घेऊन बसलेली. ती माहेरी गेलीच नव्हती. मामंजींना असं टाकून येत नाही, म्हणाली होती.

मी सगळं समजावलं. भरपाई कंपनी देईल, मामांच्या खिशातून काही जाणार नाही, फक्त एक दावा लावायचा. व्याही शांतपणे ऐकत राहिले. मग म्हणाले, "बाई, तुमी चांगल्या घरच्या दिसता. कंपनीचा पैसा मला वंगाळ न्हाई. पर त्या दाव्यावर पयलं नाव कुनाचं?"

"मामांचं. ते लिहावंच लागतं."

"मंग ह्या घरातून त्यो कागद जानार न्हाई."

बाहेरून मामांचा आवाज आला, "लावा म्हनतो की मी. पाया पडतो, माझ्यावर दावा लावा."

"तुमी गप बसा, पाव्हनं. ह्ये आमच्या घरचं हाय."

एक माणूस माझ्यावर दावा लावा म्हणून गयावया करतोय आणि दुसरा तुमच्यावर कसा लावू म्हणून डोळे पुसतोय. माझं विम्याचं ज्ञान तिथे संपलं. आईने माझ्या हातावर हात ठेवला, आता बोलू नको म्हणून.

बोलली ती मुलगी. बाळाला मांडीवर सारखं करत, खाली बघून, सासऱ्यासमोर सून बोलते तेवढ्याच आवाजात.

"मामंजी, दावा न्हाई लावला तर अप्पा गाडी इकतेत. मंग तुमच्या पायाकडं बघितलं की मला माझ्या बापाची गाडी आठवंल. अन् माझ्याकडं बघितलं की तुमाला तुमचा पाय आठवंल. तुमी कवा बोलून दाखवनार न्हाई, म्या बी न्हाई. पर त्या दोन्हीच्या मधी म्या उभं ऱ्हायचं कुठं?"

व्याह्यांनी मशीनवरच्या चादरीकडे पाहिलं. मग म्हणाले, "वकील कोन हाय परभनीला?"

आठवड्याभराने मामा वकिलाची नोटीस घेऊन माझ्याकडे आले. रजिस्टर पोस्टाने आली होती, आणि पोस्टमनसमोर त्यांनी ती कपाळाला लावून घेतली होती. मी वाचून दाखवू लागले. 'तुम्ही आपले ताब्यातील वाहन बेदरकारपणे व हयगयीने चालवून', इथे मामांनी हात वर केला.

"ह्ये काय ल्हिलंय?"

"तसं लिहायची पद्धत असते, मामा."

"बाई, पलटनीत घाटातनं रात्रंदिवस गाड्या काढल्या. इतकी वर्सं मोंढ्यातनं भरून चाललो. एक कोंबडं मेलं न्हाई माझ्या चाकाखाली. हयगय?" त्यांचा चेहरा उतरला होता. ट्रक विकायला निघालेला माणूस तेव्हा इतका दुखावलेला दिसला नव्हता. मग त्यांनी नोटीस माझ्या हातातून घेतली. "असू द्या. ल्हिलंय ते बराबर हाय. मागचं दिसना झालं तवा उतरून बघाया पायजे व्हतं मी. व्याही हायेत मागं म्हनून भरवशानं बसलो."

पोलिसांकडे जाऊन त्यांनी हेच सांगितलं, मॅजिस्ट्रेटसमोर कबूल झाले, आणि दंड भरून आले. मग जिल्हा कोर्टात भरपाईचा दावा उभा राहिला. मला साहेबांनी कागदपत्रं घेऊन पाठवलं होतं, आणि स्वतःही मागच्या बाकावर येऊन बसले होते.

व्याही कुबडी घेऊन पिंजऱ्यात उभे राहिले. आमच्या कंपनीचे वकील चांगले तयारीचे होते. त्यांनी विचारलं, "तुम्ही आधी पायरीवरून पडलो असं सांगत होता. मग खरं काय?"

"पडलो असं खोटं सांगितलं, सायेब. व्याह्यांना पोलिसांनी नेलं असतं."

"म्हणजे यांच्यासाठी तुम्ही खोटं बोलता. मग आजही कशावरून नाही?"

"आज बी बोललो असतो," व्याही म्हणाले, "पर सुनेनं बजावलंय."

न्यायाधीश वर बघू लागले. वकिलांनी पुढे विचारलं, चाक जवळ येताना दिसत होतं, तुम्ही थांबा का म्हणाला नाहीत?

"म्हनलो की."

"किती मोठ्याने?"

व्याही घुटमळले. न्यायाधीश म्हणाले, "कसं म्हणालात ते इथे म्हणून दाखवा."

व्याह्यांनी कुबडी सावरली, समोर उभ्या असलेल्या मामांकडे एकदा बघितलं, मान जराशी झुकवली आणि म्हणाले, "जरा थांबावं, पाव्हनं."

ते पंगतीत आग्रहाला नको म्हणावं इतक्या हळू होतं. कोर्टात आधी कुजबुज झाली, मग हसू फुटलं. न्यायाधीशांनी टेबलावर पेन्सिल वाजवली आणि म्हणाले, "अहो, एवढ्याने ट्रक थांबतो का? मोठ्याने म्हणा."

"तसं म्हनता येनार न्हाई, सायेब. ते समोर उभे हायेत."

तेवढ्यात मामा आपल्या जागेवरून बोलले. वकिलांनी गप्प राहायला सांगितलं होतं तरी. "हुजूर, त्यांचा कसूर न्हाई. मला दिसत नव्हतं अन् मी गाडी घेत गेलो. हयगय माझी हाय. ल्हून घ्या."

त्यांनी तो शब्द जोरात, पलटणीत नाव-नंबर सांगावा तसा, सगळ्या कोर्टाला ऐकू जाईल असा उच्चारला. हसणारे थांबले. मी मागे पाहिलं तर साहेब उठून आमच्या वकिलांच्या कानाशी वाकले होते. काय म्हणाले ते ऐकू आलं नाही, पण वकिलांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. पुढच्या तारखेला तडजोड झाली. ऑपरेशनचा आणि बुडालेल्या कामाचा खर्च कंपनीने द्यायचा ठरलं. तो तडजोडीचा कागद मीच टाइप केला, आणि आयुष्यात पहिल्यांदा एकही चूक न करता.

त्या दिवशी कोर्टातून दावा लावणारा आणि ज्याच्यावर लावला तो, दोघं एकमेकांच्या आधाराने पायऱ्या उतरले. तुम्ही आधी, नाही तुम्ही आधी, असं करत दर पायरीला दोन मिनिटं घालवत.

औरंगाबादला हाड पुन्हा बसवलं. प्लास्टर, मग चोळणं, मग भिंत धरून चालणं. मामा मला दर आठवड्याला खबर द्यायचे. "आज अंगठा हालला." "आज टाच टेकली." ट्रक विकला गेला नाही, पण रविवारी तो बोळाच्या तोंडाशी तसाच उभा असायचा. न्हावी मला विचारायचा, मामा कुठे गेले? त्याला दुकानातला अंधार आठवत असावा.

पुढच्या वर्षी माझी नांदेडला बदली झाली, मग लग्न, मग आणखी बदल्या. मामांना मी त्यानंतर दोनदाच पाहिलं. ते गेले ते आईच्या पत्रातून कळलं. चार ओळींत, ज्वारीच्या भावाच्या खाली. मी ते पत्र ऑफिसात वाचलं आणि उरलेला दिवस मला टाइप करता आलं नाही. मला त्यांची फार आठवण येते. आणि येते तेव्हा दर वेळी एकच रविवार समोर उभा राहतो.

त्या सकाळी टपावर खडबड ऐकू आली म्हणून मी बाहेर आले, तर मामा पाटीवर पोतं बांधत होते. वर्षभराने. मी आत जाऊन आईला म्हटलं, तुला देवळं बघायची होती ना? आम्ही दोघी केबिनमध्ये चढून बसलो. विम्याच्या हिशोबाने आम्ही त्या गाडीत नव्हतोच असं धरून चाला.

चारठाण्यात मामांनी ट्रक बोळाच्या बाहेरच उभा केला. आई केबिनमध्येच बसून राहिली. मामा आणि मी बोळातून चालू लागलो. व्याह्यांचं घर दहा पावलांवर आलं तसा त्यांनी हात आडवा करून मला थांबवलं आणि मान तिरकी केली.

आतून शिलाई मशीनचा आवाज येत होता. मला तो इतर कुठल्याही मशीनसारखाच वाटला. पण मामा डोळे मिटून ऐकत होते. एक पाय जोराचा, एक अजून कच्चा, त्यामुळे पाच-सहा टाके सरसर जायचे, मग क्षणभर अडखळायचं, आणि पुन्हा सुरू व्हायचं. बोळातून एक बाई घागर घेऊन आली, ती भिंतीला लागून आमच्या बाजूने गेली, तरी त्यांना कळलं नाही.

"येक ठोका चुकायलाय," ते शेवटी म्हणाले. डोळे भरून आले होते आणि चेहरा हसत होता. "पर इंजिन धरलंय, बाई. आता चढ चढतंय."